नांदरुखीच्या वळणावरची ओ

मला देवराई पाहायची होती. शेंदूर लावलेला एखादा तांदळा, म्हणजे देव म्हणून पुजलेला बिनघडीव दगड, फांद्यांना बांधलेल्या घंटा, झाडाच्या बुंध्याशी वाहिलेले मातीचे घोडे, आणि फांदी तोडणाऱ्याला देवाने कसं शासन केलं याच्या दोन-चार गोष्टी. माझं शिक्षण सगळं दूर झालं, शेवटची वर्षं तर बर्फ पडणाऱ्या गावात. तिथे बसून मी सह्याद्रीतल्या राखलेल्या रानांबद्दल इतकं वाचलं होतं, की परतताना वाटत होतं, देव कुठल्या झाडाखाली बसलेला असेल ते मला कुणाला न विचारता सापडेल.

नांदरुखीच्या वळणावर सापडलं ते वेगळं. घाटाचा अर्धा चढ संपतो तिथे रस्ता कोपरासारखा वळतो. आतल्या अंगाला उभा काळा कातळ, बाहेरच्या अंगाला नांदरुखीचं जुनं झाड, आणि झाडाच्या मुळांपासूनच सुरू होणारी दरी. आजूबाजूचे डोंगर उघडे आहेत. जळणाला, कोळशाला, घरांच्या वाशांना म्हणून पिढ्यान् पिढ्या तुटत आलेले. ही एक दरी तेवढी काठोकाठ भरलेली. वरून जमीन दिसत नाही, नुसते शेंडे दिसतात. पण देव नाही. दगड नाही, झेंडा नाही, फुटलेला नारळसुद्धा नाही. मी झाडाभोवती फिरले, कातळाच्या खोबणीत हात घालून पाहिला. रस्त्याकडेला गवत कापणाऱ्या बायांना माझी मजा वाटत होती.

"काय हरवलंय का, बाई?" एकीने विचारलं.

"देव शोधतेय."

"मग खालच्या गावात जावा. हितं न्हाई त्यो."

त्या हसत असतानाच दरीतून भेकर ओरडलं. भेकर म्हणजे लहान हरणाची जात. त्याचं ओरडणं कुत्र्याच्या भुंकण्यासारखं असतं, पण घोगरं, तुटक, मध्ये बराच वेळ गप्प राहणारं. दुरून ऐकलं तर घसा बसलेल्या माणसाची हाक वाटावी. बायांचे विळे थांबले. मग दरीकडे तोंड करून साऱ्यांनी म्हटलं, "ओ." मोठ्याने नाही. घरात कुणी हाक मारली की आपण देतो, तेवढीच. आणि पुन्हा गवत कापू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दरीत उतरणार होते. रान वाचवायचं तर आधी त्यात काय काय आहे ते कुणीतरी पाहून लिहिलं पाहिजे, यावर माझा ठाम विश्वास होता, आजही आहे. सरकारी परवानगी हातात होती, जीपमध्ये दोर होता, आणि जीप चालवणारे हुसेनभाई दोर धरायला तयार होते. गावाला विचारायचं राहिलं होतं, म्हणून आम्ही वरच्या धनगरवाड्यावर ठकूबाई झोरे यांच्याकडे गेलो. तिथल्या तिन्ही वाड्यांत त्यांच्याहून वयाने मोठं आता कुणी नाही.

ठकूबाईंनी परवानगी दिली नाही, नाकारलीही नाही. ओट्यावर घोंगडं टाकलं, ताक दिलं.

"आधी ऐक पोरी," त्या म्हणाल्या. "मग तुझं तू ठरीव."

त्यांनी सांगितलं ते त्यांनीही बरंचसं सासूच्या तोंडून ऐकलेलं. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात पावलोपावली 'म्हणे' येत होतं, आणि जिथे ते येत नव्हतं तिथे त्यांचा आवाज खाली जात होता.

असं सांगतात की ते लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नसे. घाटातून जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवलेली असे आणि त्या कोळशाच्या गॅसवर मोटार चाले. चाले म्हणजे सपाटीला चाले. चढाला तिचा दम जाई. म्हणून नांदरुखीच्या वळणाआधी सगळ्यांनी उतरायचं, मोटारीमागून पायी वळण चढायचं, आणि चालणाऱ्यांपैकी एकाने हातात धोंडा घेऊन चाकाच्या मागे मागे राहायचं, अशी रीत पडली होती. मोटार थकली की त्याने धोंडा चाकाखाली सारायचा. मोटार दम खाई, मग पुढे निघे.

ही मोटार चालवणारा नारबा. खालच्या अंगाच्या एका गावचा, विशीतिशीतला, अंगाने किडकिडीत. वाड्यांतल्या बायांना तो ओळखीचा होता, कारण कुणाच्या माहेरचा निरोप, कुणाची हळद, कुणाची तंबाखू तो आणून देई. वळणावर मोटार दम खात उभी राहिली की तो झाडाखाली बसून बायकोचं कौतुक सांगे. बायकोचं नाव भागू, पण नाव घेत नसे. "आमच्या घरात" म्हणे. बाया त्याला चिडवत, की तुझ्या घरात काय दुसरं कुणी राहतच नाही का रे.

शिमगा होऊन गेल्यावरचे दिवस होते. जत्रेहून परतणारी म्हातारी माणसं मोटारीत होती. वळण आलं तेव्हा ती उतरायला तयार होईनात. पाय दुखतात, ऊन आहे, आजच्या दिवस बसू दे, असं म्हणाली. नारबाने हट्ट धरला नाही. कुणीच उतरलं नाही, त्यामुळे धोंडा घेऊन चाकामागे चालायलाही कुणी राहिलं नाही.

मोटार वळणाच्या मध्यावर थकली आणि मागे घसरू लागली. मागे सरळ दरी. नारबाने चाक फिरवलं, असं फिरवलं म्हणे, की मोटारीची पाठ कातळावर आदळली आणि तोंड दरीवर लोंबत राहिलं. कुणाचा हात मोडला, कुणाचं डोकं फुटलं, भट्टीचे निखारे उडून कुणाचं अंग भाजलं. पण मेलं कुणी नाही. धूळ खाली बसली तेव्हा लोकांनी पाहिलं, तर चालवणाऱ्याची जागा रिकामी होती आणि दरीकडचं दार उघडं होतं.

इथे हुसेनभाई मध्ये बोलले. "पळाला असेल. अपघात झाला की डायव्हर पळतोच. थांबला तर लोक आधी त्यालाच मारतात."

ठकूबाई त्यांच्याकडे पाहून हसल्या. "तुझ्यासारखी शानी मानसं तवाबी हुती, बाबा. ती बी हेच म्हनली."

मोटारीतल्या लोकांना विचारलं तर त्यांचे डोळे मिटलेले होते. वळणाच्या आसपास त्या वेळी तीन बाया होत्या. वरच्या उतारावर शेळ्यांमागे येसू, धनगरवाड्याची, म्हणजे ठकूबाईंची सासू. रस्त्याकडेला गवत कापणारी कोंडा, मधल्या वाडीची. आणि कातळाखालच्या झऱ्यावर पारू, खालच्या वाडीची. त्या दिवशी त्यांना कुणी काही विचारलं नाही. जखमींना उचलून वाडीत नेण्यात संध्याकाळ झाली. दरी दोन बाजूंनी तुटलेली, काळोखात उतरणं शक्य नव्हतं. सकाळी दोर आणायचे आणि माणसं खाली सोडायची, असं पुरुषमाणसांनी ठरवलं.

सकाळी दोर आले, आणि त्याच वेळी भागू आली. निरोप पोचताच निघून रात्रभर चालून आली होती. बरोबर तिचा थोरला दीर. त्याच्या काखेत गाठोडं होतं, आणि गाठोड्यात बिनकाठाचं लुगडं होतं. भागूला मूल नव्हतं, माहेरी कुणी उरलं नव्हतं. नवरा आहे तोवर तिला घर होतं. दिराने लपवूनही ठेवलं नाही म्हणे. त्याने जमलेल्या लोकांना सांगितलं, की भाऊ खाली सापडला तर बांगड्या इथेच फोडून घेऊ, इथूनच ती तिच्या वाटेने जाईल, तसलं तोंड घेऊन दारात यायला नको. बोलताना तो रडतही होता. भाऊ त्याचाही होता.

भागू नांदरुखीला टेकून उभी होती. ती दोराकडे पाहत होती. माणसं दोराला गाठी मारत होती.

तेव्हा येसू पुढे झाली. म्हणाली, दोर कशाला सोडता, तो खाली नाही. तो माझ्या डोळ्यांदेखत शेळवाटेने वर गेला, माथ्यावर पोचला, एकदा मागे वळून पाहिलं आणि पलीकडे उतरला.

दीर म्हणाला, बेलभंडार उचल.

त्या भागात याच्यावर साक्ष नव्हती. देवाचं नाव घेऊन बेलाचं पान आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद, हातात घ्यायचा आणि बोलायचं. खोटं बोललं तर घर बुडतं, हे लहान पोरालाही ठाऊक. वाडीतून बेलभंडार आणला गेला, आणि येसूने तो उचलला. तिचा हात खाली जातोय तोच कोंडा उठली. तिने सांगितलं, मोटार आदळली तसा तो माझ्या पुढ्यातून रस्त्याने लंगडत गेला. तिनेही उचलला. मग पारू. ती म्हणाली, मी झऱ्यावर होते, तो पाणी प्यायला, तोंडावरचं रक्त धुतलं आणि झाडीतून खालच्या गावाच्या वाटेला लागला.

एकच माणूस एकाच वेळी तीन वाटांनी गेला. दिराने ते बोलूनही दाखवलं. पण तिघींचे हात भंडाऱ्याने पिवळे झाले होते, आणि त्या मुलखाचा रिवाज असा, की बेलभंडार उचलल्यावर पडताळा पाहायचा नाही. पडताळा पाहणं म्हणजे देवाला खोटं म्हणणं. जाणत्यांनी दिराला सांगितलं, तुझा भाऊ जिवंत आहे, कुठे गेला ते त्याचं तो जाणे. हिला घरी घेऊन जा. गाठोडं न सोडता दीर माघारी फिरला. भागू त्याच्या मागून गेली. तिच्या हातातल्या बांगड्या वाजत होत्या, त्या वळणापलीकडे जाईपर्यंत ऐकू आल्या, असं येसू सांगायची.

तिघींपैकी खरंच काही पाहिलं ते कुणी, हे कुणालाच कधी कळलं नाही. तिघींनी ते एकमेकींनाही सांगितलं नाही. एका परक्या बाईच्या कुंकवासाठी त्यांनी आपली घरं देवापुढे ठेवली, एवढंच सगळ्यांना समजलं.

पण त्या घाईत एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. भंडारा उचलल्यामुळे भागूच्या बांगड्या राहिल्या, तसा दोरही गुंडाळला गेला. तो खाली नाही, असं तिघींनी देवाच्या नावाने सांगितलेलं. आता खाली शोधायला जायचं ते कुणी आणि कसं?

माणसं पांगली. उन्हं कलली तेव्हा दरीतून आवाज आला. घोगरा, तुटक, मध्येच गप्प होणारा.

वळणावर तेव्हा तिघीच होत्या. कोंडा म्हणाली, भेकर आहे. पारू म्हणाली, भेकरच. येसू मडकं आणायला वळली.

सांगतात, की त्या संध्याकाळपासून तिघी मिळून एक मडकं पाण्याचं आणि फडक्यात बांधलेली भाकरी गवताच्या दोरीने दरीत सोडत. मडकं वर येई ते रिकामं. कुणी म्हणतं, कुणीतरी प्यायचं. कुणी म्हणतं, कातळावर आपटून सांडायचं. भाकरी कधी असे, कधी नसे, आणि दरीत रानडुकरंही होती. काही दिवसांनी आवाज थांबला. मडकं भरलेलं वर आलं. त्यांनी दोरी झाडाला गुंडाळून ठेवली. आणि पावसाळा सरल्यावर आवाज पुन्हा यायला लागला, आधी होता अगदी तसाच. म्हणजे ते भेकरच असणार. किंवा निदान पावसाळ्यानंतरचं तरी भेकर असणार.

पुढे येसूचे डोळे गेले. कोंडाचा नवरा मुंबईला गिरणीत गेला तो परतला नाही, ना पत्र ना निरोप. पारूचा मुलगा देवीच्या साथीत गेला. तेव्हा घरोघर देवी येत होत्या, घरोघर माणसं मुंबईला जात होती. पण तिन्ही वाड्यांनी ते तसं मानलं नाही, आणि तिघींनीही नाही.

भागू दर वर्षी शिमगा झाला की वळणावर येई. हातभर नव्या बांगड्या, कपाळभर कुंकू. तिघी तिची ओटी भरत, आणि ती खाली बसून म्हणे, सांगा. मग येसू सांगे, शेळवाटेने वर गेला. कोंडा सांगे, लंगडत गेला. पारू सांगे, पाणी प्यायला. भागू पुन्हा पुन्हा विचारी, मागे वळून पाहिलं तेव्हा त्याच्या डोक्यावर टोपी होती का, पाणी ओंजळीने प्यायला का. तिघी सांगत. वर्षं जात राहिली.

एका वर्षी ती बसलेली असताना दरीतून आवाज आला. भागूने विचारलं, हे काय? कोंडा म्हणाली, भेकर. भागू उठून नांदरुखीपाशी गेली. तिथे फांदीला गुंडाळलेली गवताची दोरी होती, तिच्या टोकाला मडक्याचा गळा अडकून राहिलेला. तिने ती हातात घेतली, उलगडली, दरीची खोली पाहिली, आणि मागे वळून तिघींकडे पाहिलं. येसूच्या डोळ्यांच्या जागी पांढरं होतं. कोंडाच्या कपाळावर कुंकू होतं, पण ते ती कुणासाठी लावते हे तिलाच माहीत नव्हतं. पारू मुलाच्या मागे पार वाळून गेली होती.

पुढचं दोघींचं बोलणं ठकूबाईंच्या सासूने त्यांना जसंच्या तसं पाठ करायला लावलं होतं.

येसू म्हणाली, "भागू, तू उतर. दोर मी धरते. मला दिसत न्हाई, पण हाताला जोर हाय."

आणि भागू म्हणाली, "मी उतरले तर तुमचा भंडारा खोटा पडंल."

तिने दोरी होती तशी फांदीला गुंडाळली. तेवढ्यात आवाज पुन्हा आला. नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा रीत नव्हती, त्यामुळे तिला हाक मारता येईना. ती काठावर उभी राहिली आणि तिने ओ दिली. तिच्यामागून तिघींनी दिली.

भागू म्हातारी होईपर्यंत येत राहिली. ठकूबाई लग्न होऊन वाड्यावर आल्या त्या वर्षी त्यांनी तिला पाहिलं. पाठीतून वाकलेली, दात गेलेले, हिरव्या बांगड्या ढिल्या होऊन कोपरापर्यंत सरकत होत्या. दरीतून आवाज आला तेव्हा तिने ओ दिली ती, ठकूबाई म्हणाल्या, स्वयंपाकघरातून एखादी नवी नवरी देते तशी. पुढच्या वर्षी तिच्या गावचा माणूस सांगत आला, की ती गेली. मळवट भरून, हिरव्या लुगड्यात, सवाष्ण म्हणून तिला नेली. ते ऐकून येसू, तोवर अगदी थकलेली, आपल्या पायांनी वळणापर्यंत गेली आणि झाडाला हात लावून परत आली.

आजही त्या दरीत भेकर ओरडलं, की तिन्ही वाड्यांतल्या बाया हातातलं काम थांबवून ओ देतात. नव्या सुनांना ते पहिल्याच आठवड्यात शिकवतात, कारण विचारलं तर नंतर सांगू म्हणतात. आजही कुणी तिथे गवताला, जळणाला, वासराला शोधायला उतरत नाही. दरीला कुठल्या देवाने राखलेलं नाही. चौघी बायांनी एकमेकींचा शब्द राखला, आणि त्यातून रान वाढलं.

सकाळी आम्ही वळणावर पोचलो तेव्हा ठकूबाई शेळ्या घेऊन तिथे उभ्या होत्या. बहुधा आमचीच वाट पाहत असाव्यात.

"मी वरल्या अंगाला चाललेय," त्या म्हणाल्या. "तिकडनं वळान दिसत न्हाई."

एवढं बोलून त्या शेळ्यांमागे चढून गेल्या. मागे वळल्या नाहीत.

"ताई," हुसेनभाई म्हणाले, "दोर बांधू, का गुंडाळू?"

रात्रभर माझ्या मनात ते रान अडकलं नव्हतं. अडकला होता तो माणूस. बाया भागूसाठी उतरल्या नाहीत. भागू बायांसाठी उतरली नाही. पुरुष देवासाठी उतरले नाहीत. प्रत्येकाने कुणाचं तरी भलंच पाहिलं, आणि ज्याने अख्खी मोटार कातळावर घेऊन सगळ्यांना वाचवलं, त्याच्यासाठी एवढ्या वर्षांत एकही माणूस खाली गेला नाही. ज्यांना जाता येत नव्हतं त्यांची कारणं मी ऐकली होती. माझ्यापाशी तसलं एकही कारण नव्हतं. मी भंडारा उचललेला नव्हता, आणि मला उतरता येत होतं. फक्त मला पडताळा पाहायचा नव्हता. त्याच्यासाठी कुणीतरी एकदा खाली जायला हवं होतं, एवढंच.

झाडांची नोंद वरून दिसेल तेवढी करायची, असं मी ठरवलं. कॅमेरा, वही, फांद्या कापायची कात्री, सगळं जीपमध्ये ठेवलं.

"बांधा," मी म्हटलं.

हुसेनभाईंनी नांदरुखीच्या बुंध्याला वेढा दिला आणि गाठ ओढून पाहिली. मी त्यांना सांगितलं, की वर आल्यावर मला काही विचारायचं नाही. काय दिसलं, काय नाही, ते मी ठकूबाईंना सांगणार नाही, तुम्हाला सांगणार नाही आणि कुठे लिहिणारही नाही. त्यांनी एकदा दरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि मी काठावरून उतरू लागले तसा दोर सैल सोडला.